माल जरा बेतानेच घ्या!

कापडाच्या दुकानात पाऊल टाकावे आणि गादीवरच्या शेटजींनी हात जोडून म्हणावे, "वहिनी, दोन लुगडी कशाला? एकातच भागवा की!" असा अनुभव वाचकांपैकी कुणाला आला आहे काय? वाण्याने साखर कमी नेण्याचा आग्रह धरला, गवळ्याने "दूध अर्धा शेरच पुरे" म्हणून सांगितले, असे कधी घडले आहे काय? विकणाऱ्याने जास्त विकू पाहावे आणि घेणाऱ्याने हात आखडावा, हा बाजाराचा सनातन रिवाज आहे.

मात्र एक दुकानदार या रिवाजाला अपवाद आहे. गेली वीस वर्षे तो आपल्या गिऱ्हाइकांना सांगतो आहे की, बाबांनो, माल बेताने घ्या. निदान संध्याकाळी तरी बेताने घ्या. नुसते सांगून तो थांबला नाही. माल कमी लागावा म्हणून त्याने कमी वीज खाणारे दिवे हप्त्याने दिले. दुपारी माल घ्याल तर सूट देतो म्हणाला. हा दुकानदार म्हणजे आपली वीज कंपनी. तिचे महिन्याचे बिल पाहिल्यावर तिच्या अंगी फाजील औदार्य असल्याचा संशय कोणी घेणार नाही! मग हा उलटा व्यवहार ती का करते? हे कोडे उलगडू लागले की त्याचा धागा आपल्या न्हाणीघरातल्या गीझरपासून निघून थेट खेड्यातल्या शेतकऱ्याच्या रात्रीपर्यंत जाऊन पोचतो.

साठवणीचा माल नव्हे

गहू कणगीत राहतो, तेल डब्यात राहते, पाणी हंड्यात राहते. वीज कशात ठेवायची? घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत थोडी राहते हे खरे. अलीकडे मोठमोठ्या बॅटऱ्याही उभ्या राहू लागल्या आहेत. परंतु सबंध राज्याला संध्याकाळभर पुरेल एवढी वीज डब्यात भरून ठेवण्याइतकी ती सोय अजून झालेली नाही. आपण बटण दाबतो त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रातल्या चक्राला तेवढा अधिक जोर लावावा लागतो. देशभरच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि त्यांतला प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने या एकाच तालावर चालतो. मागणी वाढून पुरवठा कमी पडला की हा ताल मंदावतो. तो फार बिघडू नये म्हणून मग कुणाचा तरी पुरवठा तोडावा लागतो.

लग्नघरची पंगत आठवा. पाचशे माणसे दिवसभरात येतील तशी जेवून गेली, तर दोन आचारी आणि चार पातेली पुरतात. पण सगळीच साडेबाराच्या ठोक्याला पाटावर बसली, तर आचारी दहा हवेत, वाढपी वीस हवेत, ताटेवाट्या पाचशे हव्यात. तासाभराने हा सगळा सरंजाम रिकामा पडतो. भाडे मात्र दिवसाचे द्यावे लागते. विजेचे नेमके असेच आहे. वर्षातल्या मोजक्या तासांच्या गर्दीसाठी केंद्रे बांधून सज्ज ठेवावी लागतात, नाही तर ऐन वेळी बाहेरून महाग वीज आणावी लागते. त्या भाड्याची रक्कम शेवटी तुमच्याआमच्या बिलातच येते.

ही पंगत आपल्याकडे दोनदा बसते. सकाळी सहा ते दहा, म्हणजे आंघोळी, मिक्सर, इस्त्री आणि इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप यांची वेळ. आणि संध्याकाळी सहा ते दहा, म्हणजे दिवे, टीव्ही, पंखे, वातानुकूलन यंत्र आणि बाजारपेठेतला झगमगाट यांची वेळ. नऊ वॉटच्या एलईडी दिव्याने वीज किती खावी? दोन हजार वॉटचा एक गीझर चालू असला की तसे दोनशेवीस दिवे पेटल्यासारखे आहे. दिव्यासाठी मुलांवर ओरडणाऱ्या गृहस्थांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

कोयनामाईचे खाते

संध्याकाळची ही गर्दी महाराष्ट्रात आजवर सांभाळली ती प्रामुख्याने पाण्याने. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. कोयनेची वीज १९६२ साली आली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत कोयनेची क्षमता एकोणीसशे मेगावॉटच्या वर गेली. कोळशाचे केंद्र म्हणजे जड अंगाचा पहिलवान. त्याला उठायला, अंग मोकळे करायला कित्येक तास लागतात. पाण्याचे चक्र मात्र झडप उघडताच काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरू लागते. म्हणून दिवेलागणीला कोयनेला हाक मारायची, ही रीत पडली.

परंतु कोयनेचे पाणी म्हणजे फुकटची खाण नव्हे. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्याप्रमाणे वीज करून पश्चिमेला कोकणात सोडण्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणीच वापरता येते. तेव्हा पगारदार माणसाने महिन्याची रक्कम पुरवून वापरावी, तसे कोयनेचे पाणी जूनपासून पुढच्या मेपर्यंत पुरवावे लागते. शिल्लक संपत आली आणि उन्हाळा तापला, की अधिकाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळते!

घाटघरची योजना तर अधिकच गंमतीची आहे. वीज मुबलक असते तेव्हा खालच्या तलावातले पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचे आणि गर्दीच्या वेळी तेच पाणी खाली सोडून अडीचशे मेगावॉट वीज काढायची. पाणी चढवायला जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही. म्हणजे हा सरळ सरळ घाट्याचा सौदा. तरीही तो केला गेला, यावरून संध्याकाळच्या विजेचे मोल काय असेल याची कल्पना यावी.

अंधार कुणाच्या वाट्याला?

एवढे करूनही पुरले नाही. २००५ नंतरची काही वर्षे वाचक विसरले नसतील. ऐन गर्दीच्या वेळी राज्यात हजारो मेगावॉटची तूट पडू लागली आणि 'भारनियमन' हा शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी झाला. नाशिक-औरंगाबादसारख्या शहरांत काही तास, तर खेड्यांत बारा बारा तास वीज नसे. मुंबई मात्र या जाचातून सुटलेली होती.

पुण्याने २००६ साली तोड काढली. तिथल्या कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपली स्वतःची जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची आणि जनित्रांचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलांतून भागवायचा. युक्ती नामी होती आणि यशस्वीही झाली. पण तिच्यातली मेख लक्षात घ्या: ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी अंधारातून स्वतःची सुटका विकत घेतली. खेड्याने काय विकत घ्यावे?

खेड्यासाठी महावितरणने जी योजना आणली तिचे नाव अक्षय प्रकाश. तिच्यात पैशाऐवजी संयम द्यायचा होता. गावाने सभा भरवून ठरवायचे की, संध्याकाळी शेतीपंप लावायचे नाहीत, पिठाची गिरणी चालवायची नाही, तारांवर टाकलेले आकडे काढून टाकायचे. देखरेख गावकऱ्यांनीच करायची. गावाचा भार असा उतरला की कंपनीने त्या गावचे दिवे संध्याकाळी मालवायचे नाहीत. अनेक गावांनी हा करार केला. म्हणजे पोरांना दिव्याखाली अभ्यास करता यावा, आयाबायांना उजेडात भाकऱ्या थापता याव्यात, यासाठी सबंध गावाने आपले पंप बंद ठेवले. शहरातल्या आपल्यापैकी कितीजणांनी त्या दिवसांत शेजारच्या तालुक्यासाठी एक गीझर बंद ठेवला असेल?

पुढे ठिकठिकाणी गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्या गेल्या, म्हणजे पंप बंद ठेवूनही घरातला दिवा चालू ठेवता येऊ लागला. पण पंपाला वीज मिळणार ती गर्दी ओसरल्यावरच. आठ तास दिवसा किंवा दहा तास रात्री, अशी पाळी लागे. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने मध्यरात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन चिखलातून पिकाला पाणी द्यायला निघायचे. पायाखाली साप, उसात बिबट्या. सगळ्यांची झोप झाली की याने जागायचे. संध्याकाळच्या पंगतीत ज्यांना पहिला पाट मिळतो त्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे.

शहरात वाचवलेले युनिट उचलून कुणी तसेच खेड्यात नेऊन देत नाही, हे खरे. अंधार कुणाला द्यायचा हा शेवटी धोरणाचा प्रश्न असतो. परंतु मुळात तूट जितकी कमी तितका वाटायचा अंधारही कमी, हे गणित कुणालाच चुकत नाही.

कोड्याचे उत्तर

आता दुकानदाराकडे परत वळू. संध्याकाळी सात वाजता बाहेरून आणलेले युनिट कंपनीला कित्येकदा गिऱ्हाइकाच्या दरापेक्षा महाग पडते. अशा वेळी एक युनिट जास्त विकणे म्हणजे पदरचे पैसे घालणे. नवे केंद्र बांधावे तर शेकडो कोटी रुपये आणि कित्येक वर्षे हवीत. त्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून तेवढाच वापर कमी करून घेतला, तर ते केंद्र बांधल्यासारखेच झाले. तेही कोळशाशिवाय, धुराशिवाय आणि कुणाची जमीन न बुडवता.

हा विचार पद्धतशीरपणे रुजला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. आर्थर रोझेनफेल्ड हे तिथले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९७३ साली तेलाची टंचाई पडली असताना एका रात्री घरी निघण्यापूर्वी त्यांनी कचेरीच्या मजल्यावरचे दिवे मालवायचे ठरवले. पाहतात तो बटणे पुस्तकांच्या कपाटांमागे दडलेली! ती शोधून काढण्यात वीस मिनिटे गेली. तेव्हापासून या गृहस्थांनी विजेची उधळपट्टी हाच आपल्या संशोधनाचा विषय केला. शीतपेट्या, दिवे, इमारती यांना कमी वीज लागावी म्हणून त्या राज्याने नियम केले. १९८२ साली आणखी एक चतुर गोष्ट केली. वीज कंपनीची मिळकत तिच्या विक्रीपासून सोडवली. वीज कमी खपली म्हणून कंपनीचे नुकसान नाही आणि जास्त खपली म्हणून फायदा नाही. दुकानदाराची हाव अशी काढून घेतल्यावर तो गिऱ्हाइकाला खरा सल्ला देऊ लागला. पुढची कित्येक दशके त्या राज्यातला दरडोई विजेचा वापर जवळजवळ जागच्या जागी राहिला.

आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला. २००५ सालच्या टंचाईत राज्याच्या वीज नियामक आयोगाने वापर कमी करणाऱ्याला सवलत आणि न करणाऱ्या मोठ्या ग्राहकाला जादा आकार, असा बडगा आणि गूळ एकदमच दाखवला. त्याच सुमारास नाशिक भागात महावितरणने कमी वीज खाणारे सीएफएल दिवे घरगुती ग्राहकांना देऊन त्यांचे हप्ते बिलातून वसूल करण्याचा प्रयोग केला. त्याच मार्गाने २०१५ साली 'उजाला' योजना आली. सरकारी कंपनीने एलईडी दिवे एकगठ्ठा खरेदी केले. २०१४ साली जो दिवा खरेदीतच ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. देशभर असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यांतले दोन कोटींच्या वर महाराष्ट्रात.

थोडा हिशेब करू. साठ वॉटचा जुना बल्ब जाऊन नऊ वॉटचा दिवा आला की एक्कावन वॉट वाचले. महाराष्ट्रातल्या त्या दोन कोटींपैकी निम्मे दिवे जरी संध्याकाळी सातला पेटत असले, तरी पाचशे मेगावॉटची बचत झाली. म्हणजे दोन घाटघर! डोंगर न पोखरता, बंधारा न घालता, तुमच्याआमच्या छताला टांगलेल्या दिव्यांतून ती उभी राहिली.

दुपार स्वस्त, सांज महाग

अलीकडे या गोष्टीला नवे वळण लागले आहे. सूर्यापासून वीज करणाऱ्या तावदानांचे मळेच्या मळे पसरले. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत चढली, पण ती भरदुपारी, आणि सूर्यनारायणाने आपला खांदा दिल्यामुळे ती भागली. खरी पंचाईत होते ती सूर्य मावळल्यावर. ज्या घटकेला तावदाने झोपी जातात त्याच घटकेला घरोघरचे दिवे जागे होतात. शेतकऱ्याला मात्र या बदलाने मोठा दिलासा देऊ केला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच हा की, शेतीपंपांना सूर्याची वीज दिवसा मिळावी आणि रात्रीची ती पाळी सुटावी.

शहरातल्या ग्राहकासाठी या बदलाने घड्याळाचा हिशेब आणला आहे. कारखान्यांना वेळेनुसार वेगळा दर पूर्वीपासून होता. जुलै २०२५ पासून महावितरणने नवे मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सूट देण्यास आरंभ केला. मीटरविषयी लोकांच्या मनात शंका होत्या, २०२४ साली त्याला मोठा विरोधही झाला. तेव्हा त्या शंकांचे निरसन करणे हे कंपनीचे कर्तव्यच ठरते. आणखी एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. नवराबायको दोघेही सकाळी आठच्या लोकलने निघून रात्री आठला परतत असतील, तर त्यांनी दुपारची सूट घ्यायची केव्हा? एक दिवा, एक पंखा, एक टीव्ही एवढ्यावर संसार करणाऱ्याने पुढे-मागे सारायचे तरी काय?

म्हणूनच हा प्रश्न मुख्यतः आपला, म्हणजे ज्यांच्या घरी गीझर, धुलाईयंत्र, वातानुकूलन यंत्र आणि इमारतीला उद्वाहक आहे, त्या कुटुंबांचा आहे. आपण काय करू शकतो? सोसायटीच्या पुढच्या सभेत सचिवांना सांगून टाकीचा पंप सकाळच्या गर्दीतून काढून दुपारी लावावा. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे पावणेचार हजार वॉट खातो. धुलाईयंत्र संध्याकाळी लावायचे ते रविवारी दुपारी लावावे. वातानुकूलन यंत्र चोवीस अंशांवर ठेवावे; १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे कारखान्यातून याच अंकावर लावून येतात, तो आपण खाली ओढू नये. नवा पंखा घेताना तारे पाहून घ्यावा. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नव्या जातीचा तीसच्या आसपास. असे तीन पंखे रोज दहा तास चालले तर महिन्याला चाळीस युनिटे वाचतात. एवढी बचत दिवाळीतल्या ओवाळणीपेक्षा जास्त भरेल!

"माझ्या एका बटणाने काय होणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण पुरे आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता, टाळेबंदीच्या दिवसांत, देशभरच्या लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावल्या. पंखे, शीतपेट्या चालूच होत्या, रस्त्यावरचे दिवे जळतच होते. तरीही त्या वेळी देशाची मागणी एकतीस हजार मेगावॉटने उतरली. जाळे कोलमडू नये म्हणून जलविद्युत केंद्रांना आधी चढवून, मग झपाट्याने उतरवून, पुन्हा चढवावे लागले. घरोघरच्या बटणांत केवढे बळ आहे ते त्या रात्री इंजिनियरांनी डोळ्यांनी पाहिले. कॅलिफोर्नियातही ६ सप्टेंबर २०२२ च्या कडक उन्हाळ्यात मागणी आजवरच्या उच्चांकाला पोचली असता सरकारने संध्याकाळी लोकांच्या फोनवर संदेश धाडला. अर्ध्या तासाच्या आत दोन हजार मेगावॉटच्या वर भार उतरला आणि अंधार टळला.

दिवाळीच्या अंकात दिवे बेताने लावा असे सांगणे म्हणजे अपशकुन, असे कुणी म्हणू नये. आकाशकंदिलात नऊ वॉटचा दिवा लावा, एलईडीच्या माळा लावा, दारात पणत्यांची ओळ मांडा. या साऱ्यांनी मिळून गीझरच्या पासंगालाही वीज लागत नाही. रोषणाई पुरेपूर होऊ द्या. फक्त नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाचे पाणी तापले की गीझरचे बटण आठवणीने बंद करा, आणि संध्याकाळी माणसे दिवाणखान्यात फराळाला बसली असताना आतल्या खोलीतले थंड हवेचे यंत्र रिकाम्या पलंगाला गारवा देत नाही ना, हे उठून एकदा पाहून या.